रुमाल टाकलेली जागा

पूर्वी घोडपदेवात मुलाला शाळेत नेताना आईने त्याचा एक हात धरायचा, त्याने दुसऱ्या हाताने चाळीचा कठडा धरायचा, आणि ही रस्सीखेच शाळेच्या फाटकापर्यंत चालायची. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडता आला, की मुलाचं वय भरलं. जन्मतारीख गुरुजी ठरवायचे. आमच्या पिढीतल्या कित्येकांचा वाढदिवस म्हणून तर १ जूनला येतो आणि त्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर एकच केक सगळ्यांना पुरतो. या सगळ्यात पैशाचा संबंध एवढाच, की पेढे कोणी वाटायचे.

आता मूल शाळेत जाण्याआधी डिपॉझिट जातं. पुढच्या जूनची धावपळ आदल्या दिवाळीच्या फराळातच सुरू होते. शेजारीण करंजी खाता खाता सहज विचारते, "काय मग, कुठे भरलात फॉर्म?" आणि आपण चकली खाता खाता तितक्याच सहजपणे खोटं बोलतो. शिक्षणहक्क कायद्याच्या १३व्या कलमाने प्रवेशासाठी मुलांना आणि पालकांना चाळणी लावायला बंदी केली आहे. पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी ५०,०००. त्यामुळे शाळा आता मुलाखत घेत नाहीत, गप्पा मारतात. गप्पांना जाण्यासाठी वडील इस्त्रीचा शर्ट घालतात, आई रात्रभर इंग्रजीतून विचार करते, आणि मूल तिथल्या मॅडमना चित्रातल्या हत्तीऐवजी त्यांच्या टेबलावरच्या बिस्किटांबद्दल विचारतं.

तसं डिपॉझिट घोडपदेवला नवं नाही. पागडीच्या खोलीत जन्मलेल्या माणसाला न परतणारे पैसे म्हणजे काय, हे शिकवावं लागत नाही. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने पागडी अधिकृत झाली. त्याआधी ती बेकायदा होती, पण म्हणून कोणाचं अडलं नव्हतं. याच्या बरोबर उलट म्हाडाची अनामत. सोडतीच्या अर्जाबरोबर भरायची आणि घर लागलं नाही, की बँकेच्या खात्यात परत. न्यू हिंद मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या म्हाडाच्या इमारतींकडे बघत बघत वर्षानुवर्षं ही अनामत परत मिळवणारी माणसं आमच्या इमारतीत आहेत. सरकारकडे गेलेला पैसा परत येत नाही, असं कोणी म्हटलं की ती चिडतात.

अशा या मुलखात माझ्या पुतण्याने लेकीच्या बालवर्गासाठी भायखळ्याच्या बाजूच्या एका शाळेत १५,००० रुपये भरले. तीन दिवसांत भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला, असा निरोप होता. पावतीवर ठळक अक्षरांत छापलं होतं, की भरलेली रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही. त्याखाली शाळेने शुभेच्छा दिल्या होत्या.

एप्रिलमध्ये दुसऱ्या शाळेतून फोन आला. तिथे पोरगी प्रतीक्षा यादीत होती आणि सगळ्यांनी आशा सोडली होती. शाळा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, फी थोडी कमी, आणि वहिनी म्हणजे तिची आजी स्वतः न्यायला-आणायला जाऊ शकेल अशी. नाही म्हणायला कारण नव्हतं. फक्त पहिल्या शाळेचं काय करायचं, हा प्रश्न उरला आणि रविवारी मटण शिजेपर्यंत त्यावर घरात परिषद भरली.

आमचे दादा गोदीतून निवृत्त झालेले. कापसाच्या गाठी मोजण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय ते सोडत नाहीत. ते म्हणाले, "एकदा शब्द दिला म्हणजे दिला."

"शब्द नाही दिला बाबा," पुतण्या म्हणाला, "जीपे केलंय."

सूनबाईंचं म्हणणं सरळ होतं. पैसे बुडणारच आहेत, तर पाप कसलं? पैसेही घालवायचे आणि वर वाईटही वाटून घ्यायचं, म्हणजे एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा. वहिनींना पाप-पुण्यात रस नव्हता. त्यांना कारण हवं होतं. "नाशिकला बदली झाली म्हणून सांगा," त्या म्हणाल्या. मुंबईत शाळा सोडण्याचं हे एकमेव सभ्य कारण आहे. आजवर या कारणासाठी जितकी कुटुंबं नाशिकला गेली, ती खरोखरच गेली असती तर गोदावरीला पाणी पुरलं नसतं. पण घोडपदेव पडलं एवढंसं. दोन्ही शाळांच्या बसगाड्या सकाळी त्याच नाक्यावर थांबतात. जूनमध्ये नव्या गणवेशातली पोरगी पहिल्या शाळेच्या बसमधल्या मावशींना टाटा करणार, आणि त्या मावशी शाळेत जाऊन सांगणार, की नाशिक आता कॉटन ग्रीनच्या अलीकडेच आलंय.

एवढ्यात खालच्या मजल्यावरचे वकीलसाहेब आले. ते लघुवाद न्यायालयात कारकून होते. निवृत्तीनंतर सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणू लागले आणि त्यांनी त्यावर कधी हरकत घेतली नाही. मटणाच्या वासाने आलेला माणूस कायदा मात्र नीट सांगून गेला. १९४७ साली मौला बक्ष नावाच्या कंत्राटदाराने लष्कराला बटाटे पुरवण्याचं कंत्राट घेतलं, आणि पाठोपाठ कोंबड्या, अंडी, मासळी पुरवण्याचं दुसरं. एकाची अनामत १०,०००, दुसऱ्याची ८,५००. माल वेळेवर पोहोचेना, तेव्हा सरकारने कंत्राटं मोडली आणि दोन्ही अनामती गिळल्या. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९६९ साली कोर्टाने सरकारला विचारलं, की तुमचं नेमकं नुकसान किती झालं? बटाटे बाजारात मिळतात. दुसरीकडून घेतले असाल तर किती जास्त पैसे पडले, ते दाखवा. सरकारला दाखवता आलं नाही, आणि कंत्राटदाराचे पैसे त्याला व्याजासकट परत द्यावे लागले. १८७२च्या करार कायद्याचं ७४वं कलम हेच सांगतं, की करार मोडला म्हणून मिळायची ती वाजवी भरपाई, करारात लिहिली आहे म्हणून सगळीच्या सगळी रक्कम नव्हे.

सगळे थोडा वेळ गप्प झाले. मग सूनबाईंनी विचारलं, "पण काका, यात आपण लष्कर की बटाटे?"

वकीलसाहेबांनी त्याचं उत्तर दिलं नाही, पण प्रश्न रास्त होता. प्रतीक्षा यादी असलेल्या शाळेचं नुकसान ते काय? एक मूल गेलं, तर दुपारच्या आत दुसऱ्याच्या आईला फोन जातो आणि ती घरच्या कपड्यांतच धावत येते. म्हणजे एकाच जागेचे दोनदा पैसे. मात्र हीच गोष्ट जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कळवली, तर यादीतली सगळी मुलं कुठे ना कुठे चिकटलेली असतात आणि तो बाक वर्षभर रिकामा राहतो. तेव्हा शाळेचं म्हणणं खरं होतं. कायद्याची बाजू पुढे आणखी गमतीची आहे. जानेवारी २०२०मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने सांगितलं, की शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याखाली येत नाहीत, पण कोचिंग क्लास येतात. त्यावरचं अपील त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने दाखल करून घेतलं. कॉलेजांसाठी यूजीसीने २०१८मध्ये परताव्याचं कोष्टकच छापलं होतं. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी सांगितलं तर जवळपास पूर्ण फी परत, मग ९० टक्के, ८० टक्के, ५० टक्के, आणि तारीख उलटून ३० दिवस झाले की शून्य. म्हणजे वीस वर्षांच्या घोड्याला पैसे परत मिळायची सोय आहे. तीन वर्षांच्या बाळापर्यंत यूजीसीची हद्द पोहोचत नाही.

मला त्या कोष्टकातली रक्कम आवडली नाही, क्रम आवडला. जितक्या लवकर सांगाल तितकं कमी बुडेल. डिपॉझिट छापणाऱ्या शाळा बरोबर उलटं करतात. एप्रिलमध्ये सांगणारा आणि जूनमध्ये गायब होणारा, दोघांचे सारखेच १५,००० जातात. मग लवकर सांगायचं कोणाला सुचेल?

इस्रायलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांत ग्नीझी आणि रुस्तिकिनी या दोन अर्थतज्ज्ञांनी एक प्रयोग केला होता. तो २०००मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला पालक उशिरा येत. म्हणून त्यातल्या सहा पाळणाघरांत उशिराबद्दल दंड लावला. उशिरा येणारे कमी होतील असं वाटलं होतं, ते जवळजवळ दुप्पट झाले. कारण पूर्वी उशीर झाला की बाईंच्या तोंडाकडे बघायची लाज वाटायची. आता लाजेचा दर ठरला होता, तो मोजला की माणूस मोकळा. नंतर दंड काढून टाकला तरी उशीर तसाच राहिला. एकदा दुकानात मांडलेली लाज परत घरी न्यायला कोणी येत नाही.

आमच्या पावतीचंही तेच होतं. शाळेने स्वतःच आपल्या हिरमोडाचा भाव ठरवला होता आणि आम्ही तो रोख भरला होता. त्यामुळे जागा सोडली म्हणून खाली मान घालण्याचं कारण नाही, इथवर मी सूनबाईंच्या बाजूचा. पण दादांचा आवाज चढलेलाच होता, आणि त्यांना त्यांच्याच भाषेत सांगणं भाग होतं.

गणपतीला गावी जाताना परळ डेपोत एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्यात दादांचा हात धरणारा आमच्या आळीत कोणी झाला नाही. गाडी फलाटाला लागायच्या आत त्यांचा रुमाल तिसऱ्या सीटवर, टोपी चौथ्या सीटवर आणि वहिनींची पिशवी पाचव्यावर. ज्यांच्यासाठी जागा धरली ती माणसं बऱ्याचदा अजून लालबागच्या सिग्नलला असायची. रुमाल टाकायला कोणी वाईट म्हणत नाही, तो सगळ्यांनी पाळायचा रिवाज आहे. पण आपण मागच्या जादा गाडीत बसून निघून गेलो आणि रुमाल पुढच्या गाडीतच राहिला, तर? कंडक्टर घंटी मारतो, गाडी पनवेलपर्यंत जाते, आणि एक म्हातारी दांड्याला धरून उभी असते; का, तर सीटवर कोणाचा तरी रुमाल आहे. दादा, पाप जागा सोडण्यात नाही हो. रुमाल उचलून न नेण्यात आहे.

"रुमाल पाच रुपयांचा असतो," दादा म्हणाले. "हा पंधरा हजारांचा आहे." पण आवाज उतरला होता.

आता कोणी म्हणेल, की या नाजूक गोष्टी माणसांवर सोडूच नयेत. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात नेमकं तेच केलं आहे. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि तुम्ही ते घेतलं नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. ना शब्द, ना लाज, ना नाशिक. संगणकाला रुमाल दिसत नाही. अमेरिकेत कॉलेजच्या प्रवेशासाठी १ मे ही अनामत भरायची तारीख मानतात, आणि दोन कॉलेजांत एकदम अनामत भरणं तिथे अप्रामाणिक समजतात. तिथल्या प्रवेश-सल्लागारांच्या संघटनेच्या नीतिसंहितेत असाही नियम होता, की १ मेनंतर एका कॉलेजने दुसऱ्याचा विद्यार्थी फोडू नये. सरकारच्या न्याय खात्याने यावर डोळे वटारले, की हे स्पर्धेच्या विरुद्ध आहे. २०१९मध्ये संघटनेने तो नियम काढून टाकला. म्हणजे मुलाने दोन ठिकाणी रुमाल टाकला तर तो लबाड, आणि कॉलेजने दुसऱ्याच्या सीटवरचा माणूस उठवून नेला तर ती निकोप स्पर्धा. हे ऐकून वकीलसाहेबांना अमेरिकेबद्दल प्रथमच आपुलकी वाटली.

परिषदेत एवढं सगळं बोलून झालं, पण एका शाळेचं नाव कोणीच काढलं नाही.

मेच्या उन्हात महानगरपालिकेच्या मराठी शाळेतल्या दोन बाई दरवर्षी आमच्या इमारतीत येतात. जिना चढून, दार वाजवून, घरात लहान मूल आहे का विचारतात. त्यांची शाळा फी घेत नाही. उलट गणवेश, दप्तर, बूट, छत्री धरून २७ शालोपयोगी वस्तू देते. आदल्या मेमध्ये त्या आमच्याकडे आल्या, सूनबाईंनी त्यांना सरबत दिलं. "पुढच्या वर्षी बालवाडीला पाठवा हं," बाई म्हणाल्या. "हो हो, बघू की, पाठवू," आम्ही सगळ्यांनी मिळून म्हटलं. बाईंनी वहीत पोरीचं नाव लिहून घेतलं. वहीतल्या त्या ओळीला पावती नव्हती.

त्या वहीवर पुढे बरंच काही अवलंबून असतं. सप्टेंबरअखेरचा पट बघून शिक्षकांची पदं मंजूर होतात. त्याला संचमान्यता म्हणतात. पट घसरला, की कोणीतरी अतिरिक्त ठरतं आणि त्याची रवानगी दुसऱ्या शाळेत होते. पंधरा-वीस वर्षं एकाच शाळेत फळा पुसलेल्या माणसाला एका सकाळी कळतं, की तो जास्तीचा आहे. १५,००० घेतलेल्या शाळेला काय वाटेल, यावर आमच्या घरात दोन तास आणि एक किलो मटण खर्च झालं. जिथे आम्ही खरोखर तोंडाने शब्द दिला होता, तिथलं कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. फुकट दिलेल्या जागेवरचा रुमाल कोणी उचलायला जात नाही, हे मी बोलून दाखवलं, तेव्हा दादांनी रश्श्याची वाटी पुढे सरकवली आणि विषय बदलला. शब्द देणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच होता.

बाई यंदा आल्या, तेव्हा मात्र दादांनीच दार उघडलं. पोरगी येणार नाही, हे स्वच्छ सांगितलं. मग घोडपदेवाच्या देवळाच्या आसपास कुठल्या कुठल्या घरात लहान मुलं आहेत, त्याची मजल्यांसकट यादी दिली. गोदीतला माणूस, मोजणी चुकत नाही. बाईंनी ती उतरून घेतली. त्यातली किती मुलं गेली ते दादा अजून नाक्यावर उभे राहून मोजतात.

पुतण्याने मात्र परिषदेच्या दुसऱ्याच दिवशी भायखळ्याच्या शाळेत जाऊन अर्ज दिला होता. पैसे परत मागितले नाहीत. फक्त जागा मोकळी करतोय, यादीतल्या पुढच्याला बोलवा, एवढंच लिहिलं. ऑफिसातल्या क्लार्कबाईंनी अर्ज दोनदा वाचला. पैसे न मागता कोणी अर्ज लिहितो, यावर त्यांचा विश्वास बसेना. "बाकीचे कोणी कळवतच नाहीत हो," त्या म्हणाल्या. "जूनमध्ये बाई हजेरी घेताना आठवडाभर नावं पुकारत बसतात." मग त्यांनी रजिस्टर उघडलं. त्यात कारणाचा रकाना होता. पुतण्याने खरं ते सांगितलं, की दुसरी शाळा घराजवळ आहे आणि आजीला चालत जाता येतं.

"असं नाही लिहिता येत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी लिहिलं, 'बदली'.

ती मोकळी झालेली जागा कोणाला मिळाली, ते आठवड्याभरात कळलं. दिवाळीत करंजी खाता खाता ज्यांनी आम्हाला फॉर्मबद्दल विचारलं होतं, त्याच तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या नातवाला. त्यांनीही तिथे फॉर्म भरला होता, हे तेव्हा चकलीच्या आवाजात ऐकू आलं नव्हतं. पेढे घेऊन आल्या. वहिनींशी इकडचं तिकडचं बोलून झालं. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, की त्यांनीसुद्धा माझगावच्या एका शाळेत आधीच पैसे भरून ठेवलेत, तर तिथे आता काय कारण सांगावं?

"नाशिक नका सांगू," वहिनी म्हणाल्या. "तिथे आता आम्ही राहतो. तुम्ही पुणं सांगा."